पुस्तकं संपत नव्हती म्हणून स्टोरीटेल घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग सविस्तर. मराठी पुस्तकं ऐकायची असतील आणि दिवसातला बराच वेळ गाडीत किंवा वेटिंगमध्ये जात असेल तर स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप घ्या. ज्याला रोज तासभर शांत बसून वाचायला मिळतं त्याला याची गरज नाही, पण अशी माणसं माझ्या ओळखीत तरी आता फार उरलेली नाहीत.

मी एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) आहे, सातारा-कराड-सांगली-कोल्हापूर हा माझा पट्टा. पुस्तकं घ्यायची आवड कॉलेजपासून आहे आणि घरात कपाट भरलंय, पण गेली काही वर्षं त्यातलं काही पूर्ण होत नव्हतं. वेळ नाही हे कारण अर्धंच खरं आहे. रात्री जेवणं, पोरांचा अभ्यास, उद्याचं प्लॅनिंग सगळं आवरून पुस्तक उघडलं की चार पानांत डोळे मिटतात, मग दोन दिवस गॅप पडतो, मग मागचं आठवत नाही म्हणून परत दहा पानं मागे जायचं, आणि मोठ्या कादंबरीत असं तीनचार वेळा झालं की कोण कुणाचा चुलता आणि कुणाचं कुणाशी वैर हेच लक्षात राहत नाही, मग ते पुस्तक उशाशीच पडून राहतं. दिवसभरात वेळ असतो हो, भरपूर असतो, पण तेव्हा हात स्टेअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर असतात. मोकळे असतात ते कान.

स्टोरीटेल ही मूळची स्वीडनची कंपनी, २००५ सालची. भारतात २०१७ च्या शेवटी आली आणि इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी पहिल्यापासून ठेवली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नाहीतर आपल्या भाषेचा नंबर मागाहून कधीतरी लागतो. सबस्क्रिप्शन भरलं की हवं तेवढं ऐका अशी पद्धत. ऑडिबलवर (ॲमेझॉनचं असंच ॲप) साधारण क्रेडिटचा हिशोब असतो, एका क्रेडिटला एक पुस्तक, पण ते पुस्तक तुमचं होतं. इथे सबस्क्रिप्शन थांबलं की ऐकणं थांबलं. हे ज्याला खटकेल त्याने आधी विचार करावा. मला मात्र हीच पद्धत मानवली, कारण न आवडलेलं पुस्तक अर्ध्या तासात सोडून दुसरं लावता येतं, वेगळे पैसे गेले म्हणून रेटत बसावं लागत नाही, आणि माझ्यासारख्या, पुस्तकं अर्धवट राहण्याचं ओझं वाटणाऱ्या माणसाला ही मोकळीक खूप मोठी आहे.

डाऊनलोडची सोय आहे ती आवर्जून वापरा. घाटात रेंज जाते आणि रहस्यकथेत नेमकं खुनी सापडायच्या वेळीच आवाज बंद पडतो, त्यापेक्षा घरच्या वायफायवर आदल्या रात्री उतरवून ठेवलेलं बरं. स्लीप टायमर आहे, बुकमार्क आहे, वेग कमीजास्त करता येतो. वेगाबद्दल माझं मत सांगतो, माहितीपर पुस्तक १.२५ ला चालतं, पण कथा-कादंबरी आहे त्याच वेगाने ऐका. वाचणाऱ्याने घेतलेला श्वाससुद्धा कथेचाच भाग असतो, तो कापून काय मिळवायचं?

आता खरी गोष्ट, आवाज. ऑडिओबुकात निम्मं पुस्तक लेखकाचं आणि निम्मं वाचणाऱ्याचं असतं असं मी आता ठामपणे म्हणतो. चांगला अभिवाचक सगळी पात्रं नाटकासारखी करून दाखवत नाही, नुसता सूर जरासा बदलतो आणि आपल्याला कळतं की आता म्हातारी बोलली. आणि बोलीभाषेतली पुस्तकं तर ऐकायलाच हवीत! वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी कागदावर वाचताना माझ्यासारखा घाटावरचा माणूस अडखळतो, प्रत्येक शब्दाशी थांबतो, हेल कुठे द्यायचा तेच कळत नाही. तीच भाषा तिथल्याच माणसाच्या तोंडून ऐकली की न समजलेल्या शब्दाचाही अर्थ आवाजातून लागतो, थांबावं लागत नाही. पण उलटही होतं. एका ॲपवर (हे नाही, दुसरं) एक ग्रामीण कथा लावली होती, वाचणाऱ्याचे उच्चार इतके शहरी आणि शेतकरी बोलला की उगाच घोगरा आवाज, की दहा मिनिटांत बंद केली. गावाकडचा माणूस म्हणजे घोगरा आवाज हे कुणी ठरवलं? म्हणून पुस्तक निवडताना मी आता लेखकाइतकंच वाचणाऱ्याचं नाव बघतो, आणि एखादा आवाज आवडला की त्याने वाचलेलं बाकीचं शोधतो.

ऐकणं म्हणजे काय वाचणं झालं का, असं मित्र विचारतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच गोष्टी माणसांना ऐकवून आणि वाचायला देऊन मेंदूचे स्कॅन घेतले होते, आणि शब्दांच्या अर्थाचं काम मेंदूत दोन्ही वेळा जवळजवळ सारखंच चालतं असं त्यांना दिसलं. पण मला त्याआधीच आपलं उत्तर पुरेसं वाटतं. श्रावणात देवळात पोथी लावायचे तेव्हा एकजण वाचायचा आणि सगळी आळी ऐकायची, त्यात अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बायका असायच्या आणि पुढच्या अध्यायात काय होतं ते त्यांना तोंडपाठ असायचं. शंकर पाटील, माडगूळकर, मिरासदार गावोगाव कथाकथन करत फिरले, वपुंच्या कॅसेट घराघरात वाजल्या. मराठी माणसाला गोष्ट ऐकायची सवय जुनी आहे, मध्ये तुटली होती एवढंच.

तरी सगळंच कानाने होत नाही. खूप नावं, सनावळ्या, वंशावळी असलेला इतिहास ऐकताना माझा धागा सुटतो, लढाईचं वर्णन नकाशाशिवाय समजत नाही, आणि गाडी चालवताना मागे जाऊन परत ऐकणं धोक्याचं आहे, ते करूच नका. अशा पुस्तकांची छापील प्रत जवळ हवी. कविता मी ऐकून बघितल्या, पण कवितेत एका ओळीवर रेंगाळायचं असतं आणि आवाज पुढे निघून जातो, तिथे कागदच बरा. सगळ्यात छान लागतात त्या मध्यम आकाराच्या कादंबऱ्या, आत्मचरित्रं आणि रहस्यकथा. तीनेकशे पानांचं पुस्तक साधारण नऊ-दहा तास चालतं, सातारा-कोल्हापूर जाऊन-येऊन निम्मं होतं, आणि उरलेलं दवाखान्याबाहेर डॉक्टरांची वाट बघताना.

आईसाठी पण याचा उपयोग झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर काही दिवस वाचायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ती दुपारी वाचल्याशिवाय झोपत नाही. तिला स्पीकरवर लावून दिलं, टायमर अर्ध्या तासाचा. आता डोळे नीट आहेत तरी दुपारचं ऐकणं तिने सोडलेलं नाही, सकाळी पेपर आणि दुपारी कादंबरी असं तिचं ठरलंय. लहान मुलांसाठी वेगळा किड्स मोड आहे, त्यात मोठ्यांची पुस्तकं दिसत नाहीत, इंग्लिश मीडियमच्या पोरांच्या कानावर चांगलं मराठी पडतं.

किमती आणि प्लॅन बदलत राहतात म्हणून इथे आकडा लिहीत नाही, घेण्याआधी बघून घ्या, आणि शोधताना पुस्तकाचं नाव देवनागरीत आणि रोमन दोन्ही लिपीत टाकून बघा, हे सगळ्याच ॲपवर करावं लागतं. पहिलं पुस्तक छोटं निवडा, पाच-सहा तासांचं, आणि दहा मिनिटांत आवाज नाही जमला तर बदला.

एकच मागणी आहे, आणि ती ॲपवाल्यांपेक्षा आपल्या प्रकाशकांकडे जास्त आहे. मराठीत छापून आलेल्यापैकी ऑडिओत आलेलं अजून फार थोडं आहे. आत्मकथनं, ग्रामीण आणि बोलीतल्या कादंबऱ्या जास्त यायला हव्यात, आणि त्या वाचायला त्या त्या भागातलीच माणसं बोलवा, वऱ्हाडीला वऱ्हाडातला, मालवणीला सिंधुदुर्गातला. पैसे थोडे जास्त लागले तरी आम्ही भरू.