छोट्या विमानासाठी ४०६ चा पीएलबी, तीन हिवाळे वापरल्यावर

हिवाळ्यात डोंगरांवरून छोटं विमान नेत असाल तर हे नक्की वाचा. माझ्या विमानात ईएलटी आहे, म्हणजे विमान आपटल्यावर धक्क्याने आपोआप संकटाचा सिग्नल देणारं यंत्र, त्यामुळे वेगळा पीएलबी, म्हणजे जवळ बाळगून हाताने चालू करायचा संकट-सिग्नल, कशाला हवा असंच मलाही वाटायचं. पण ईएलटी बसवलेला असतो मागे शेपटीकडे आणि त्याची अँटेना बाहेर, विमान झाडात किंवा कड्यावर आपटलं की तीच आधी तुटते नाहीतर वायर निसटते, मग आतलं यंत्र धक्क्याने चालू झालं तरी सिग्नल बाहेर जातच नाही. म्हणून हा घेतला.

वापरायला एकदम सोपा, अँटेना उघडायची आणि बटण दाबून धरायचं. मग साधारण दर ५० सेकंदांनी ४०६ मेगाहर्ट्झवर कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या सॅटेलाइट्सना सिग्नल जातो, त्यात तुमच्या यंत्राचा नंबर आणि जीपीएसची जागा असते, शिवाय १२१.५ मेगाहर्ट्झवर एक कमी ताकदीचा सिग्नल चालू राहतो, जवळ आलेल्या हेलिकॉप्टरला दिशा धरायला. जीपीएस लागलं तर जागा साधारण १०० मीटरच्या आत कळते. बर्फात याची किंमत फार मोठी आहे, पांढरं विमान एका रात्रीच्या बर्फात असं झाकलं जातं की वरून जाणाऱ्याला काहीच दिसत नाही.

ऑक्टोबर १९७२ मध्ये अलास्कात अमेरिकेचे दोन खासदार, हेल बॉग्ज आणि निक बेगिच, सेस्ना ३१० मधून निघाले ते पोचलेच नाहीत, ३९ दिवस शोध चालला आणि विमान आजपर्यंत सापडलेलं नाही. आणि १० सप्टेंबर १९८२ ला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात एक छोटं विमान पडलं, नव्यानेच सोडलेल्या सॅटेलाइटने त्याचा सिग्नल पकडला आणि तिघं जण वाचले. हे वाचल्यापासून मी यावर पैसे वाचवायचा विचार सोडला.

आता त्रास काय आहे ते. अँटेनाची खीळ जाड ग्लोव्हज घालून उघडत नाही, मी गोठवणाऱ्या थंडीत करून बघितलं, ग्लोव्ह काढावाच लागला, आणि हात बधिर झालेल्या माणसाला ते जमेल का याची मला खरंच काळजी वाटते. कंपन्यांनी हे सुधारायलाच हवं. दुसरं म्हणजे हा आपोआप चालू होत नाही, तुम्ही बेशुद्ध असाल तर काही उपयोग नाही, त्यामुळे ईएलटी काढून टाकू नका, दोन्ही ठेवा. अरुंद दरीत कड्याला चिकटून बसलात तर सिग्नल अडतो, जितकं मोकळं आकाश मिळेल तितकं बरं, पण त्यासाठी विमान सोडून लांब जाऊ नका, वरून माणसापेक्षा विमान लवकर दिसतं. बॅटरी उणे २० डिग्रीला किमान २४ तास चालते असं मानक आहे, म्हणून यंत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचं, अंगाच्या उबेत. बॅगेत ठेवलंत तर बॅग मागे अडकली किंवा विमानाने पेट घेतला की संपलं सगळं!

जुना फक्त १२१.५ चा कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, १ फेब्रुवारी २००९ पासून सॅटेलाइट त्याचं ऐकतच नाहीत.

आणि यंत्राचं रजिस्ट्रेशन करा, त्यात घरच्यांचे चालू नंबर टाका, सिग्नल आला की शोधकेंद्रवाले आधी तिथेच फोन करतात आणि घरच्यांना तुमचा रूट माहीत असेल तर शोध लवकर सुरू होतो. माझा नंबर बदलला होता आणि मी वर्षभर तो अपडेट केला नव्हता, आता दर हिवाळ्याआधी तपासतो.

सिग्नल पोचला की नाही हे मात्र माझ्या मॉडेलमध्ये कळत नाही. काही नव्या मॉडेल्समध्ये २०२० पासून गॅलिलिओ या युरोपच्या सॅटेलाइट्सवरून सिग्नल मिळाल्याची उलटी पोच येते, यंत्रावरचा दिवा लागतो, बर्फात एकट्या बसलेल्या माणसाला त्या दिव्याचा केवढा आधार वाटेल! माझी बॅटरी पुढच्या वर्षी संपतेय, तेव्हा ती न बदलता तो पोच देणाराच घेणार आहे.