लेक्सस सीटी २००एच, प्रियस की ऑडी ए३ ई-ट्रॉन: घेण्यापूर्वीची तुलना

आकाराने लहान, पाच दारांची, आतून आलिशान आणि तरीही बेताने पेट्रोल जाळणारी गाडी शोधणाऱ्याच्या यादीत लेक्सस सीटी २००एच या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीचे नाव हमखास असते. २०११ च्या सुमारास विक्रीला आलेल्या या गाडीचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, त्यामुळे आज तिचा विचार करणे म्हणजे वापरलेल्या गाडीचा विचार करणे होय. तिच्यासोबत आणखी दोन गाड्या तपासाव्यात असे मला वाटते. एक म्हणजे तिसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस, जिची यंत्रणा सीटीने जवळजवळ जशीच्या तशी घेतली आहे; आणि दुसरी ऑडी ए३ ई-ट्रॉन, जी बाहेरून चार्ज करता येते आणि म्हणून वेगळ्याच सवयी असलेल्या चालकासाठी आहे.

सीटी आणि प्रियस यांच्या बॉनेटखाली एकच १.८ लिटरचे, अ‍ॅटकिन्सन चक्रावर (इंधन वाचवणाऱ्या पद्धतीवर) चालणारे इंजिन आहे. विद्युत मोटरसह दोघींची एकत्रित शक्ती सुमारे १३५ अश्वशक्ती भरते आणि दोघींतही निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची बॅटरी आहे. इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर हे एका ग्रहीय गिअरसंचाने (मधल्या चाकाभोवती लहान दातेरी चाके फिरणाऱ्या संचाने) जोडलेले असल्यामुळे या गाड्यांत नेहमीचा क्लच नाही, गिअर बदलणारी यंत्रणा नाही, वेगळा स्टार्टर नाही आणि अल्टरनेटरही नाही. झिजणारे भागच कमी असल्यामुळे ही रचना दीर्घकाळ टिकते, आणि वापरलेली गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने तिचे हे सर्वांत मोठे बलस्थान आहे.

यंत्रणा एकच असल्याने मायलेजही सारखेच असेल, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीत प्रियसला एकत्रित ५० मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर, असा आकडा मिळाला, तर सीटीला ४२, म्हणजे सुमारे १८ किलोमीटर. दहा हजार किलोमीटरमागे हा फरक साधारण ९० लिटर पेट्रोलचा होतो. त्याचे एक मोठे कारण आकारात आहे: प्रियसची उतरती पाठ हवेला फारच थोडा विरोध करते, तर सीटीची बांधणी दिसायला आटोपशीर असली तरी त्या बाबतीत मागे पडते. ज्याला केवळ पेट्रोल वाचवायचे आहे त्याने सीटीकडे वळण्याचे काहीच कारण नाही.

मग सीटीसाठी जास्त पैसे कशाचे मोजायचे? माझ्या मते मुख्यतः मागच्या सस्पेन्शनचे आणि आतल्या बांधणीचे. प्रियसची मागची चाके एका टॉर्शन बीमने जोडलेली आहेत, त्यामुळे एका चाकाला बसलेला धक्का काही प्रमाणात दुसऱ्यापर्यंत पोहोचतो; सीटीला मागे डबल विशबोन प्रकारचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि वळणावर गाडी किती ठाम बसते हे तिच्यात लगेच जाणवते. आसने खाली बसवलेली आहेत, पाठीला चांगला आधार देतात, आणि हाताला लागणारा प्रत्येक भाग प्रियसच्या कडक प्लास्टिकपेक्षा वरच्या दर्जाचा आहे. सुरुवातीच्या गाड्यांचे सस्पेन्शन काहीसे ताठ होते; २०१४ च्या सुधारणेत, जेव्हा पुढची जाळी डमरूसारख्या आकाराची झाली, तेव्हा त्यावरही काम झाले. निवड करता येत असेल तर या सुधारणेनंतरचीच गाडी पाहावी.

वेग हे मात्र सीटीचे क्षेत्र नाही. शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग गाठायला तिला १० सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि स्पोर्ट मोडमध्ये डाव्या बाजूला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा उमटला तरी चढावर पेडल पूर्ण दाबल्यावर आवाज आधी वाढतो आणि गाडी मागाहून वेग घेते. मागच्या आसनावर उंच माणसाचे पाय आखडतात. डिकीही प्रियसच्या मानाने लहान आहे.

वेगाच्या बाबतीत ऑडी ए३ ई-ट्रॉन उजवी ठरते. १.४ लिटरचे टर्बो इंजिन, विद्युत मोटर आणि सहा गिअरची दुहेरी क्लचची पेटी मिळून ती २०४ अश्वशक्ती देते आणि १०० चा वेग आठ सेकंदांच्या आत गाठते. तिची ८.८ किलोवॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी जुन्या युरोपीय चाचणीनुसार ५० किलोमीटर चालते, पण अमेरिकी चाचणीत हाच पल्ला सुमारे २५ किलोमीटर निघाला. नियोजन दुसऱ्या आकड्यावर करावे. घरी चार्जिंगची सोय आणि रोजची जा-ये या पल्ल्यात बसणारी असेल तर आठवड्यातील बहुतेक दिवस पेट्रोल लागणारच नाही. बॅटरी रिकामी झाल्यावर मात्र लिटरला साधारण १५ किलोमीटर इतकेच मायलेज उरते आणि जड बॅटरीचे ओझे तेवढे वाहावे लागते. शिवाय क्लच, गिअरपेटी, टर्बो आणि चार्जर या सर्वांची देखभाल आलीच. चार्जिंगची सोय नसलेल्याने ही गाडी घेऊ नये, असे मी निःसंकोचपणे सांगेन.

बहुतेक वेळ एक-दोन माणसे, शहरातील थांबत-थांबत जाणारी वाहतूक आणि गाडीत बसल्यावर समाधान हवे, अशा चालकासाठी मी सीटी निवडेन. कुटुंब, सामान आणि लांबचे महामार्ग असतील तर प्रियस. या दोघींपैकी कोणतीही पाहताना तीन गोष्टी जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात. जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर यंत्रणेत काजळी साचते आणि ती कधी साफ केली याची नोंद सर्व्हिस वहीत असावी. कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कारणाविना कमी होत असेल किंवा थंड इंजिन सुरू होताना गाडी हादरत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधील सील) खराब झाल्याची शंका घेऊन तो व्यवहार थांबवावा. आणि मुख्य बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी धूळ किंवा पाळीव प्राण्यांच्या केसांनी बुजलेली नाही ना, हे पाहावे, कारण उष्णता ही या बॅटरीची खरी शत्रू आहे.