काळविटाची शिंगं अडली, इंद्रजाल मात्र घरपोच

ऑनलाइन खरेदीच्या एका साइटचं हे परीक्षण मी आधी त्याच साइटवर लिहिलं होतं. वीस मिनिटांत परत आलं. कारण काय, तर मजकुरात ‘निषिद्ध वस्तूंचा उल्लेख’ आहे. शिंगं, हस्तिदंत, घोरपड, यांतलं काहीतरी त्यांच्या यंत्राच्या डोळ्यांत खुपलं असणार. म्हणून इथे लिहितेय. साइटचं नाव घेत नाही. साबणापासून सोफ्यापर्यंत सगळं विकणारी मोठी साइट आहे, तुमच्याही फोनमध्ये असेल.

मी नागपूरची. ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे गल्लीत लहानथोर सगळे मला ‘बाई’च म्हणतात. प्राण्यांच्या अवयवांपासून केलेल्या वस्तू आणि जीवाश्म विकण्याबद्दल या साइटचे जे नियम आहेत, त्यांच्याशी गेल्या वर्षभरात माझी तीनदा गाठ पडली. एकदा विकताना, एकदा शेजारच्या वहिनींमुळे आणि एकदा स्वतःच्या पैशांनी फसून.

आमच्या बैठकीत मामंजींच्या वेळची काळविटाची शिंगं होती. सागवानी पाटीवर बसवलेली, पीळदार, त्यावर वळ्यांची नक्षी आणि वळ्यांत पन्नास वर्षांची धूळ. मामंजींनी कधी बंदूक हातात धरली नाही. कुणा मालगुजाराने त्यांना ती भेट दिली होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा त्यांनी इमानदारीने वनखात्याला कळवलं आणि मालकीचा दाखला घेतला. तो पिवळा पडलेला कागद अजून कपाटात आहे. २००९ मध्ये ते गेले, तेव्हा ह्यांनी वारस म्हणून ९० दिवसांच्या आत पुन्हा कळवलं. घरात एवढं सगळं रीतसर.

दिवाळीआधी रंगकाम काढलं आणि मुलगा म्हणाला, “आई, ही शिंगं आता काढूच. अँटिक म्हणून वीस हजार कुठे गेले नाहीत.” मी स्वयंपाकघरात होते. त्याने फोटो काढून साइटवर टाकलेसुद्धा. माझ्या चहाला उकळी यायच्या आत नकार आला: वन्यप्राण्याचे अवयव विकता येत नाहीत. खरं सांगते, मला बरं वाटलं. काळवीट पहिल्यापासून त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. दाखला असला तर शिंगं घरात ठेवता येतात, वारशाने पुढे जातात, पण पैसे घेऊन कुणाला देता येत नाहीत. ‘जंगलात गळून पडलेली मिळाली’ ही सबबही इथे चालत नाही. सांबराची, चितळाची शिंगं दरवर्षी गळतात. काळविटाची जन्मभर डोक्यावरच असतात. ती भिंतीवर आली याचा अर्थ जनावर मेलंय.

पण चिरंजीव हार मानणारे नव्हेत. त्याने ‘शिंग’ हा शब्द काढला, ‘रेझिन वॉल डेकोर, हँडमेड’ असं लिहिलं आणि फोटो तेच ठेवले. अकरा मिनिटांत जाहिरात सुरू! तो गंमत म्हणून हसत होता. मी म्हटलं, “काढ ते आत्ताच्या आत्ता. तीन ते सात वर्षं आत बसावं लागतं, माहितीये?” त्याने मुकाट्याने काढलं. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. त्या वळ्या, तो पीळ, सगळं फोटोत लख्ख दिसत होतं. नववीतल्या पोरानेही ओळखलं असतं.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून त्यांचं नियमांचं पान नीट वाचलं. पान चांगलं आहे, हे कबूल करते. कातडी, शिंगं, नखं, सुळे, प्रवाळ, कासवाची पाठ, काही सुटलेलं नाही. मोरपिसांबद्दलही बरोबर लिहिलंय: देशात विकायला हरकत नाही, परदेशी पाठवायचं नाही. आपल्या कायद्याने मोराच्या शेपटीच्या पिसाला तेवढी सवलत दिलीय, कारण मोर ती दरवर्षी झाडतो. (झाडलेलं की उपटलेलं, हे पिसाच्या बुडाशी बघावं. उपटलेल्याच्या टोकाला रक्ताचा डाग राहतो. साइटवर मात्र शंभर पिसांच्या जुडीची बुडं नेमकी सोनेरी कागदात गुंडाळलेली.)

हस्तिदंताबद्दल परदेशी साइट्स जास्त कडक आहेत. ईबेने तो २००९ पासून बंद केला. एटसीने तर मॅमथचे सुळेही बंद केले. मॅमथ, हत्तीचा तो केसाळ नातलग, हजारो वर्षांपूर्वीच संपला, त्याच्या सुळ्यावर बंदी कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. पण लोक हत्तीचा दात ‘मॅमथचा’ म्हणून विकतात. सुळ्याच्या आडव्या कापात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. मॅमथमध्ये त्यांचा कोन ९० अंशांहून कमी, हत्तीमध्ये ११५ हून जास्त. फोटोवरून हे कोण मोजणार? त्यापेक्षा सरसकट बंद केलेलं बरं. आमच्या साइटनेही हस्तिदंत बंद केलाय, म्हणजे तो शब्द बंद केलाय. भाचीने ‘आयव्हरी’ रंगाचं ब्लाउजपीस विकायला टाकलं तर तेही अडकलं. तिने ‘ऑफ व्हाइट’ लिहिलं, मग सुटलं.

आता वहिनींची गोष्ट. वास्तुदोषावर म्हणून त्यांनी याच साइटवरून १,४९९ रुपयांना ‘इंद्रजाल’ मागवलं. जाहिरातीत लिहिलं होतं: दुर्मिळ समुद्री वनस्पती, सिद्ध केलेली. काचेची फ्रेम, आत लाल मखमल आणि त्यावर काळी, जाळीदार, पंख्यासारखी पसरलेली फांदी. येतानाच काचेचा कोपरा तडकला होता आणि फांदीचं एक टोक तुटून आत पडलं होतं. “बाई, बघा हो, हे बदलून मागू का?” म्हणून त्या घेऊन आल्या.

मी ते टोक चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर नेलं. काडी जळते तसा वास यायला हवा होता. आला तो केस जळल्याचा. वनस्पतीला असा वास येत नाही, तो प्रथिनाचा वास. इंद्रजाल म्हणजे सी फॅन किंवा काळं प्रवाळ, हजारो इवल्या प्राण्यांनी मिळून बांधलेला सांगाडा. २००१ पासून तेही पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या रांगेत. काळ्या प्रवाळाच्या काही जाती तर हजारो वर्षं जगतात.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी देवघरात प्राणी आणून ठेवला? बाई, आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही हो.”

मी तक्रार नोंदवायला बसले. साइटवर कारणांची यादी येते: वस्तू खराब, रंग वेगळा, चुकीचं माप, बनावट ब्रँड. ‘ही वस्तू बेकायदा आहे’ हा पर्याय ‘इतर’मध्ये, त्याच्याही आत. दोन दिवसांत जाहिरात गेली. आठवड्याने त्याच दुकानदाराची तीच फ्रेम ‘समुद्री वेल, होम डेकोर’ म्हणून परत आली. हे नवीन नाही. २०१७ मध्ये हत्था जोडीचं बिंग असंच फुटलं होतं. पूजेचं दुर्मिळ मूळ म्हणून ऑनलाइन खपत होती ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रियं. नाव वनस्पतीचं, माल प्राण्याचा. २०१८ मध्ये जगातल्या मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी एकत्र येऊन वन्यजीवांचा ऑनलाइन व्यापार ८० टक्क्यांनी घटवायचं ठरवलं, त्याची मुदत २०२० ची होती. यंत्राला शब्दांची यादी शिकवून हे कसं होणार होतं? विकणाऱ्याकडे शब्दांना तोटा नाही.

तिसरा अनुभव माझ्याच खिशातला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ट्रायलोबाइट, म्हणजे कधीच नामशेष झालेल्या एका कवचधारी समुद्री प्राण्याचे जीवाश्म, हवे होते. मोरोक्कोचे म्हणून दोन मागवले, १,८५० ला एक. ‘४० कोटी वर्षं जुना, अस्सल’. डबा उघडला तेव्हा खूप आनंद झाला. डोळ्यांच्या भिंगांची जाळीसुद्धा दिसत होती. मग दोन्ही शेजारी ठेवले. डावीकडून तिसऱ्या बरगडीवर एक बारीक तडा. दोन्हींवर. त्याच जागी, त्याच तिरकस कोनात. अहो, जुळ्या भावंडांचे तीळसुद्धा इतके जुळत नाहीत! भिंगाखाली धरले तर पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसले, ओतीव रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे राहतात तसे. वरून खऱ्या दगडाची भुकटी चोपडलेली. मोरोक्कोत खरे ट्रायलोबाइट भरपूर निघतात आणि त्यांच्या नकला करणारे कारागीरही तेवढेच आहेत. हे मला ठाऊक होतं, तरी फसले.

परतावा मिळाला, पण तीनदा चॅट करावं लागलं. पहिल्या मुलाने विचारलं, “मॅम, ट्रायलोबाइट चालू होत नाहीये का?” त्याचा काय दोष. त्याच्यासमोरच्या पडद्यावर जीवाश्म ‘शोपीस’ या खात्यात होते.

आणि खरी गोम इथेच आहे. प्राण्यांच्या वस्तूंसाठी निदान नियमांचं पान तरी आहे. जीवाश्मांसाठी त्या साइटवर दोन ओळी आहेत: विक्रेत्याने वस्तू कायदेशीर मार्गाने मिळवलेली असावी. असावी! कुणी विचारत नाही, कुणी कागद मागत नाही. साइटला तरी किती बोलणार, आपल्याकडे जीवाश्मांसाठी वेगळा कायदाच नाही. २०२२ मध्ये भूवारसा विधेयकाचा मसुदा आला होता, तो मसुदाच राहिला. मंगोलियाने १९२४ पासून जीवाश्म सरकारी मालकीचे ठरवलेत, म्हणून २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर बोली लागलेला टार्बोसॉरस या डायनासोरचा सांगाडा त्यांना परत मिळवता आला. आपला गेला तर आपण काय दाखवणार?

हे मला लागतं, कारण आपल्या विदर्भाच्या मातीत काय काय आहे ते मी जवळून पाहिलंय. सिरोंच्याकडे वडधमला दगड झालेले ओंडके आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे, तिथल्या शेतांत डायनासोरच्या शेणाचे दगड मिळतात. त्याच शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ मध्ये जगाला कळलं की डायनासोरांच्या काळातच गवत होतं. त्याआधी पुस्तकांत उलटं छापलेलं होतं आणि मीही उलटंच शिकवत होते. त्या साइटवर मला ‘डायनो पूप, इंडिया, ६९९ फक्त’ अशी जाहिरात दिसली. खरा असेल तर कुणाच्या शेतातून, कोणत्या थरातून उचलला याचा पत्ता कायमचा गेला. दगडाची अर्धी किंमत तर त्या पत्त्याची असते. खोटा असेल तर बरंच आहे म्हणायचं. नकली वस्तू निघावी अशी इच्छा करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

तारे द्यायचेच झाले तर नियमांच्या पानाला चार देईन. अंमलबजावणीला एक. तक्रारीच्या फॉर्मला एकही नाही. चॅटवरच्या मुलाला पाच, बिचाऱ्याने शेवटी पैसे मिळवून दिले.

शिंगं आम्ही वनखात्याला देऊन टाकली. २०२२ च्या दुरुस्तीने तशी सोय केलीय, आधी लेखी कळवायचं आणि मग मोबदला न घेता जमा करायची. वहिनींची फ्रेमही मी सोबत नेली होती, काय आहे ते लिहून देऊन. तिथले साहेब शिंगांपेक्षा फ्रेमकडेच जास्त वेळ बघत होते. “हे ऑनलाइन मिळतं?” म्हणाले. मी फोन काढून तिथल्या तिथे दाखवलं. ‘समुद्री वेल’. उद्या घरपोच.

ट्रायलोबाइट परत नकोत, असं दुकानदारानेच कळवलं. मी ते शाळेला दिले. प्रदर्शनात दोन्ही शेजारी मांडून खाली पाटी लावली: यातला खरा कोणता? मोठी माणसं डोकं खाजवत होती. सहावीतली एक मुलगी आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “बाई, दोघांना एकाच ठिकाणी कसं लागलं?”