मालवण-तारकर्लीला नेमकं कधी जावं? मुंबईकर कुटुंबासाठी महिनावार परीक्षण

आधी निकाल. मुलं शाळेत जायची असतील आणि दिवाळी नोव्हेंबरात असेल तर दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा घ्या. मुलं अजून शाळेत जात नसतील, किंवा आजी-आजोबांना घेऊन जायचं असेल, तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही, फक्त २६ जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार सोडून. मे महिन्याशिवाय पर्यायच नसेल तर पहिला पंधरवडा. आणि ज्या दोन काळांत निम्मी मुंबई तिकडे धावते, म्हणजे नाताळ ते ३१ डिसेंबर आणि मे महिन्याचा शेवट, त्या काळात मालवण सर्वात महाग पडतं आणि हातात सर्वात कमी देतं.

कारण साधं आहे: शाळेचं वेळापत्रक आणि समुद्राचं वेळापत्रक जुळत नाही.

मालवणला माणसं हल्ली मुख्यतः पाण्यासाठी जातात: स्कूबा, स्नॉर्केलिंग, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावरची बोटसफर, सिंधुदुर्ग किल्ला. यातलं सगळं समुद्र किती निवळ आणि किती शांत आहे यावर अवलंबून. पावसात कर्ली आणि कोळंब खाडीतून उतरलेला गाळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किनाऱ्याजवळ तरंगत असतो. वॉटर स्पोर्ट्स कागदोपत्री सप्टेंबरपासून सुरू होतात, पण तेव्हा पाण्याखाली हिरवट धुकं दिसतं आणि पैसे मात्र पूर्ण जातात. पाणी खऱ्या अर्थाने निवळतं ते नोव्हेंबरच्या मध्यानंतर. तिथून फेब्रुवारीपर्यंत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा असतो, पाणी सपाट असतं. दुपारी वारा फिरतो आणि लाटा उठतात. म्हणून स्कूबा असो की डॉल्फिन, सकाळी आठ ते अकराचीच वेळ मागायची. 'दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा या' असं कुणी म्हणालं तर गर्दी का कमी असते ते ओळखा.

महिना ठरला की तिथी बघा, कालनिर्णय घरात असतंच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याची ओढ जास्त, तळाची वाळू ढवळली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी हलतं आणि खालचं जास्त स्पष्ट दिसतं. स्कूबाचा दिवस शक्यतो अष्टमीच्या दोन दिवस मागेपुढे ठेवा. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेबही सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईला बरोबर लागतो, मालवणात वेळ थोडी आधी येते. याचा खरा उपयोग देवबागला होतो. संगमावरचं ते 'त्सुनामी आयलंड' म्हणजे वाळूचा दांडा, ओहोटीलाच नीट उघडा पडतो. भरतीच्या वेळी नेलं तर लहान मुलांना उतरताच येत नाही, बोटीतूनच बघून परतावं लागतं आणि भाडं तेवढंच.

स्कूबाबद्दल अजून थोडं, कारण तक्रारी सगळ्यात जास्त इथेच होतात. पोहता येण्याची गरज नसते, प्रशिक्षक धरूनच खाली नेतो. दहा वर्षांखालच्या मुलाला 'चालतं हो, नेऊ आम्ही' म्हणणाऱ्याकडे नेऊ नका, स्नॉर्केलिंग द्या. दर विचारताना दोन प्रश्न विचारा: पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं, आणि एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती जण? स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, जेट स्की असं सगळं एकत्र स्वस्तात मिळतं तेव्हा कात्री बहुतेक पाण्याखालच्या मिनिटांनाच लागलेली असते. सर्दी असेल तर जाऊच नका. नाक बंद असलं की कानातला दाब बरोबर होत नाही, दोन-तीन मीटरवरच कान ठणकतो, आणि बोटीत बसल्यावर पैसे परत मिळत नाहीत. थंडीत लहान मुलांना सर्दी असतेच, त्यामुळे स्कूबा सहलीच्या पहिल्याच सकाळी उरकायचा हट्ट नको, एक दिवस हातचा ठेवा. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. निघण्याआधी पोटभर बटाटेवडे खाऊ नका, बोट नांगरलेली असते तेव्हाच ती जास्त डुलते. परतीचं विमान असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास मोकळे हवेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला खरा, पण मुंबईची सेवा सलग टिकलेली नाही, त्यामुळे सहलीचा बेत विमानावर उभा करू नये.

आता दिवाळी. दिवाळी ऑक्टोबरात आली की नोव्हेंबरात, यावर सगळं ठरतं. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. तेव्हा पाणी गढूळ, हवेत ऑक्टोबरचा उकाडा आणि पाऊस पूर्ण गेलेला नाही. २०२६ ला ते ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे भाऊबीज करून निघालात तरी समुद्र बऱ्यापैकी निवळलेला मिळेल. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अरबी समुद्रात वादळंही होतात. २०१९ ला क्यार चक्रीवादळ ऐन दिवाळीत आलं आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला त्याचा फटका बसला. त्यामुळे दिवाळी लवकर असेल त्या वर्षी सरळ जानेवारीची वाट बघावी.

माशांच्या बाबतीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. बांगडा भरपूर आणि स्वस्त, सुरमई ताजी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं जवळजवळ सगळीकडे. एक गोष्ट मात्र घरात आधी विचारून घ्या: मार्गशीर्ष पाळता का? नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीदरम्यान तो महिना येतो. सासूबाई महिनाभर आणि सूनबाई फक्त गुरुवारी पाळत असतील तर मालवणात जाऊन डाळ-भात खाणारं अर्धं कुटुंब आणि ताटावर वाकलेलं अर्धं कुटुंब असा देखावा होतो. उलट कुणीच पाळत नसेल तर हेच दिवस उत्तम, कारण तेव्हा मराठी पर्यटकांची गर्दी थोडी ओसरलेली असते. थाळी घेताना माशाचा तुकडा केवढा ते आधी बघा. सुरमई, पापलेट वेगळं मागवलं तर दर नगावर की वजनावर, हे ऑर्डर देण्याआधी ठरवा. नाताळच्या आठवड्यात शेजारच्या गोव्याची मागणीही वाढते आणि चांगला मासा तिकडे ओढला जातो.

त्या नाताळच्या आठवड्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हवा सुरेख, पाणी सुरेख, बाकी सगळा गोंधळ. काही ठिकाणी तीन रात्रींची सक्ती, स्कूबाला रांग, किल्ल्याच्या बोटीला रांग, मुंबई-गोवा महामार्गावर तर विचारू नका. पाचपैकी दोन.

मे महिन्याचं गणित वेगळं. पाण्याच्या हिशेबात मे कमी पडतो, पण आंब्याच्या हिशेबात त्याला तोड नाही. देवगड हापूस मार्चमध्ये महाग असतो, एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात भाव उतरतात आणि फळ भरात असतं. त्याच्या जोडीला रायवळ आंबे, फणस, करवंदं, जांभळं. मुलांना हे झाडावर बघायचं असेल तर दुसरा महिना नाही. उकाडा मात्र भयंकर. पारा मुंबईसारखाच, पण दुपारी बाहेर पडवत नाही. सिंधुदुर्ग किल्ला सकाळी पहिल्या बोटीने करा. शिवराजेश्वर मंदिर, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, तटावरचा फेरफटका, सगळं दहाच्या आत. नंतर जांभा दगड तापतो आणि आत सावली फारच कमी. आजी-आजोबांना मे महिन्यात किल्ल्यात नेऊ नये, एवढं स्पष्ट सांगतो.

मेच्या उत्तरार्धात दोन धोके असतात. एक, समुद्र फुगायला लागतो. २४ मे २०२२ ला तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट नुसतं अंगावर टाकलेलं नको, बक्कल लावलेलं हवं, आणि समुद्र उसळलेला दिसला तर 'एवढ्या लांबून आलोय' हा विचार बाजूला ठेवायचा. दोन, पावसाचा नेम नाही. गोव्याला मान्सून ५ जूनच्या सुमारास येतो असं धरतात, पण २०२५ ला तो २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोचला. २०२१ ला मेच्या मध्यालाच तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं. वॉटर स्पोर्ट्स आणि किल्ल्याची बोटवाहतूक मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी बंद होते ती ऑगस्टअखेरपर्यंत. २८ मेला पोचून 'किल्ला बंद कसा?' म्हणणारे दरवर्षी भेटतात. वळवाच्या वाऱ्यात वीज जाते, तेव्हा खोली ठरवताना 'इन्व्हर्टर आहे का' एवढं विचारून थांबू नका. तो असतोच, पण त्यावर फक्त पंखा आणि दिवा चालतो. एसी चालायला जनरेटर हवा.

पावसाळ्यात जून-जुलैला यांत्रिक मासेमारी बंद असते. ताटात खाडीचे मासे, खेकडे किंवा सुकी मासळी येईल; 'ताजी सुरमई' म्हणून जे येईल ते बर्फातलं. हिरवळ, मोकळे रस्ते, निम्म्या दरात खोली हवी असेल आणि समुद्रात पाय घालायचा नसेल तर जरूर जा. लहान मुलांसोबत मात्र तीन दिवस खोलीत काढायची तयारी ठेवा. गणपतीत पर्यटक म्हणून जाऊ नका. गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या, घरगुती निवासवाल्यांच्या स्वतःच्या घरी गणपती, खानावळी अर्ध्या बंद. शिमग्यालाही थोडंफार तेच. फेब्रुवारीत जाणार असाल तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी आहे ते आधी विचारा. ती देवीचा कौल घेऊन ठरते, पंचांगात सापडत नाही, आणि त्या दोन दिवसांत मालवणच्या रस्त्यांवर आणि रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. १ मेच्या गाडीसाठी २ मार्च, २५ डिसेंबरसाठी २६ ऑक्टोबर. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा. कुटुंबासाठी पहिली पसंती कोकणकन्या: रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून निघते, सकाळी कुडाळ, तिथून मालवण सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. तुतारी दादरहून ००.०५ ला सुटते आणि इथेच हमखास घोळ होतो. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला उतरून पुढे गाडी करावी लागते, आणि ती आठवड्यातून सहा दिवस धावत असली तरी पावसाळी वेळापत्रकात फेऱ्या निम्म्या होतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या सगळ्याच गाड्यांचा वेग कमी ठेवतात, वेळाही बदलतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या सहलीसाठी जुन्या वेळा डोक्यात ठेवून स्टेशनवर जाऊ नका. स्टेशनवरून मालवणची रिक्षा किंवा गाडी निवासवाल्यालाच सांगून ठेवा, सकाळी उतरल्यावर भाव करण्याची ताकद कुणाच्यात नसते.

राहायला कुठे, हे वयावरून ठरवा. लहान मुलं असतील तर तारकर्ली किंवा देवबाग, वाळूत सोडून द्यायला बरं. वयस्कर माणसं असतील तर मालवण गावात किंवा चिवला किनाऱ्याजवळ, कारण डॉक्टर, औषधाचं दुकान, बाजार हाताशी. देवबागला एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून एकच अरुंद रस्ता. नाताळात आणि मेमध्ये तिथे गाडी अडकली की तास जातो.

आणि मेमध्ये आंब्याची पेटी आणणार असाल तर पिकलेली घेऊ नका. कच्चा पण पूर्ण वाढ झालेला माल गवतात भरून घ्या, पेटी बंद गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, आणि घरी आल्यावर फळं सुटी करून गवतात एकेरी मांडा. आठवडाभर रोज पाच-सहा तयार होत जातील.