हॅलोजन प्रोफाईलचे गोबो आणि जिलेटिन: एका मोसमाच्या वापरानंतर

५७५ वॅटचे, २६ अंशांचा झोत टाकणारे हॅलोजन प्रोफाईल (धारदार कडेच्या झोताचे नाटकाचे दिवे) पावसाळ्यापासून मे महिन्यापर्यंत जळगाव-धुळ्याच्या नाट्यगृहांत आणि तालुक्याच्या उघड्या मंचांवर वापरले. दिवे उत्तम आहेत. प्रयोग अडतो तो होल्डरपाशी, म्हणजे गोबो (नक्षी कापलेली तबकडी) धरून दिव्याच्या खाचेत सारायच्या पत्र्यापाशी.

गोबो घेताना लोक नक्षी बघतात, माप बघत नाहीत. ए मापाची तबकडी १०० मिमी, बी ८६, एम ६६. होल्डर त्याच मापाचा लागतो. वर्कशॉपमधून करून घेतलेले पत्र्याचे होल्डर स्वस्त पडतात, पण तापले की पीळ धरतात आणि खाचेत अडकतात. अडकलेला होल्डर ओढताना शेजारचं शटर (झोताची कड कापणारी पत्र्याची पट्टी) हलतं आणि झोताला लावलेली चौकट बिघडते. म्हणून जाड, सपाट होल्डर घ्या आणि प्रत्येक गोबोला वेगळा ठेवा. मध्यंतरात तापलेल्या होल्डरमधून तबकडी काढत बसायला वेळ नसतो. चामड्याचे हातमोजे घालून एक उपसायचा, दुसरा भरलेला सारायचा.

दिशा अशी ठरवा: दिव्याच्या मागे उभं राहून स्टेजकडे तोंड करा, अक्षरं सरळ वाचता येतील अशी तबकडी धरा आणि मग अर्धा फेरा फिरवा. भिंग प्रतिमा उलटी करतं, त्यामुळे पडद्यावर ती सरळ येते. मागून पडद्यावर टाकायची असेल तर तबकडीची बाजूही पालटावी लागते.

गोबो घालण्याआधी मागचा नॉब फिरवून प्रकाश सपाट, म्हणजे सगळीकडे सारखा, करून घ्या. मधोमध झोत एकवटलेला राहिला तर नक्षीच्या बारीक दांड्या तिथेच वाकतात. स्टील निळं-काळं पडलं तर ते खराब झालं असं समजू नका. नक्षी धारदार केली की शटरची कड थोडी मऊ होणारच, दोन्ही एका पातळीत नसतात.

काचेचा गोबो जपून. लेप असलेली बाजू दिव्याकडे. ती ओळखायला काडीचं टोक काचेला हलकेच टेकवा: टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलं तर लेप त्याच बाजूला आहे, मध्ये फट दिसली तर पलीकडे. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) एकदम शंभरवर नेऊ नका, आधी दोन-तीन मिनिटं मंद ठेवा. बोटाचा तेलकट ठसा काचेवर भाजून बसतो, तेव्हा सुती मोजे हवेतच.

आता जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे फ्रेममध्ये लावायची रंगीत पारदर्शक फिल्म. ५३ × १२२ सेंटीमीटरच्या शीटमधून १५९ मिमीच्या फ्रेमचे २१ तुकडे निघतात. दोन मिमी कमी कापा, कारण तापल्यावर ठासून बसलेला तुकडा फुगून येतो. १८१ नंबरचा काँगो ब्लू (गडद जांभळट निळा) सगळ्यात आधी मधोमध पांढरा पडतो आणि मग भोक पडतं. हॅलोजनचा बराचसा उजेड पिवळा-तांबडा असतो, तो हा रंग अडवतो आणि स्वतः तापतो. दिव्याचा प्रकाश सपाट ठेवणं हा पहिला उपाय. हीट शील्ड (उष्णता अडवणारी पारदर्शक फिल्म) लावायचं तर दिव्याच्या बाजूने, जिलेटिनपासून इंचभर अंतर सोडून. चिकटवून लावलं तर काही उपयोग नाही. अशा रंगाचे दोन तुकडे जास्तीचे ठेवा आणि कोपऱ्यात नंबर लिहा, अर्ध्या उजेडात ११९ (गडद निळा) आणि १८१ सारखेच दिसतात.

कापसाच्या मोसमात भिंगावर तंतू आणि धूळ बसते. ती तशीच राहिली तर प्रकाश धुरकट होतो आणि नक्षीची कड जाते, मग लोक उगाच गोबो बदलत बसतात. आधी भिंग पुसा. मे महिन्यात उघड्या मंचावर बार (दिवे टांगायचा दांडा) दुपारीच चढवावा लागतो, पण जिलेटिन मात्र ऊन उतरल्यावरच फ्रेममध्ये घाला.