रोसुवास्टॅटिन आणि इझेटिमाइबची एकत्र गोळी: काही महिन्यांचा अनुभव

अँजिओप्लास्टीनंतर मी नुसती रोसुवास्टॅटिन 10 (कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी, 10 मिलिग्रॅमची) घेत होते. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 88वर येऊन अडकलं, डॉक्टरांना ते निदान 70च्या खाली हवं होतं. दिवाळीनंतर त्यांनी रोसुवास्टॅटिन 10 आणि इझेटिमाइब 10 अशी एकत्र गोळी लिहून दिली. दोन-अडीच महिन्यांनी रिपोर्टात 67 आलं.

डोस दुप्पट का नाही केला, हे मी विचारलंच. स्टॅटिन दुप्पट केलं तरी एलडीएल आणखी सहाएक टक्केच उतरतं. इझेटिमाइब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, म्हणून ते जोडलं की उतार बराच जास्त मिळतो. इझेटिमाइबचा दिवसाचा डोस मात्र 10 मिलिग्रॅमच. पुढे रोसुवास्टॅटिन 20 लागली तर 20 अधिक 10 ची वेगळी गोळी मिळते, आहे त्याच दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. एखाद्या दिवशी राहिली तरी दुसऱ्या दिवशी एकच.

खरी काळजी दुकानात घ्यावी लागते. सात रस्त्याजवळच्या एका मेडिकलमध्ये मला त्याच नावाची स्ट्रिप मिळाली, फक्त शेवटी इझेटिमाइबच्या ईझेडऐवजी एफ होतं. मुलगा म्हणाला, "चालतंय की मावशी, कंपनी तीच आहे." मागच्या बारीक अक्षरांत फेनोफायब्रेट लिहिलेलं. ते ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीसाठी असतं, आणि स्टॅटिनबरोबर घेताना स्नायू आणि किडनीकडे लक्ष ठेवावं लागतं. मी तिथेच परत केली. 'गोल्ड' नावाच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधंही असतात. स्टेंटवाले आपण ती दोन्ही आधीच वेगळी घेतो. वर ही घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून आता चष्मा लावून मागची बाजू वाचल्याशिवाय मी पैसेच देत नाही, मागे रांग असली तरी.

त्रास म्हणाल तर एप्रिलच्या उन्हात पोटऱ्या दुखल्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी पाय वळतात, पण अंदाजावर न सोडता स्नायूंसाठी सीपीके आणि किडनीसाठी क्रिएटिनिन रक्तात तपासलं. दोन्ही ठीक निघालं, गोळी चालू राहिली. दुखण्यासोबत लघवी चहासारखी गडद झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. गॅसचं पातळ औषध मी गोळीनंतर दोन तासांनी घेते. त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे रोसुवास्टॅटिन कमी शोषलं जातं.

आमच्या ह्यांच्या गोळीत अटोर्वास्टॅटिन आहे. परवा दाताच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं. त्याने अटोर्वास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ह्यांनी आपली स्ट्रिप पुढे ठेवली. डॉक्टरांनी ती वाचली आणि दुसरं अँटिबायोटिक दिलं.