जेसीसीची बालवाडी की सिनेगॉगची?

मूल अडीच वर्षांचं झालं की मध्य न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हा विषय निघतोच. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कोणीतरी विचारतं, "तुमची ज्यूंच्या शाळेत जायची ना? कशी आहे?" त्या रांगेत पुरेल एवढं माझं उत्तर छोटं नाही, म्हणून इथे सविस्तर.

आमची लेक 2023-24 मध्ये एका जेसीसीच्या, म्हणजे ज्यू कम्युनिटी सेंटरच्या, बालवाडीत होती आणि 2024-25 मध्ये एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या. दोन्ही घरापासून पंधरा मिनिटांवर, दोन्हीकडे ज्यू नसलेली मुलं भरपूर. फी, वेळा, किती मुलांमागे किती शिक्षिका हे मी लिहीत नाही. शाळा बघायला गेलात की ते छापील हातात पडतं आणि फरक एकोणीस-वीसचा निघतो.

धर्माची काळजी असेल तर तीही सोडून द्या. शुक्रवारी शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, छोटी पार्टी असते: मेणबत्त्या, द्राक्षाचा रस आणि वेणीसारखा गुंफलेला हाला नावाचा पाव. पहिल्याच शुक्रवारी लेक पुण्याच्या आजीला व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आज शाळेत हल्ला होता. मी हल्ला खाल्ला." आईने कपाळाला हात लावला. आमच्या घरात धर्माचा जो काही गोंधळ झाला तो एवढाच. आईचं बालपण पुण्याच्या कॅम्पातलं, त्यामुळे दोन्ही शाळा तिच्या लेखी 'लाल देवळाची शाळा'. डेव्हिड ससूनच्या सिनेगॉगला कॅम्पात अजूनही लाल देऊळच म्हणतात, आणि आईच्या बँकेत तिच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, बाई होत्या. तिला या सगळ्याचं आमच्यापेक्षा कमी अप्रूप.

डब्याचं सांगून टाकतो. शेंगदाणा दोन्हीकडे बंद. मराठी घराला हा नियम केवढ्याला पडतो ते पहिल्या आठवड्यात कळतं: कूट नाही, म्हणजे साबुदाण्याची खिचडी नाही, काकडीची कोशिंबीर नाही, भरली वांगी नाहीत. मांसाहारही बंद, दूधदुभतं चालतं, त्यामुळे शाकाहारी डबा सुखात जातो. जेसीसीत डब्याकडे फारसं कोणी बघत नसे. सिनेगॉगमध्ये चीजच्या पाकिटावर कोशरचा, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसतं असा, शिक्का नसेल तर ते न उघडता घरी परत येतं, वर चिठ्ठी. वाढदिवसाला घरचे बेसनाचे लाडू वाटता येत नाहीत, कोशर बेकरीतलंच काहीतरी न्यावं लागतं. आमच्या हिला ते लागलं. मला तेवढं नाही, लाडू मीच संपवले.

सुट्ट्यांबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. "जेसीसी कमी बंद असते" असं सगळे सांगतात, आम्हीही वर्षभर तेच म्हणत होतो. ज्यूंचे शरदातले मोठे सण त्यांच्या तिश्री महिन्याच्या पहिल्या तेवीस दिवसांत उरकतात: रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोत, सिम्हात तोरा. 2023 मध्ये योम किप्पुरचा सोमवार सोडला तर या सणांचे सुट्टीचे सगळे दिवस शनिवार-रविवारी आले. आम्ही खूश. 2024 मध्ये रोश हशाना 3-4 ऑक्टोबर, सुक्कोतचे पहिले दोन दिवस 17-18, शेवटचे दोन 24-25, आणि तिन्ही जोड्या गुरुवार-शुक्रवार. एका महिन्यात सहा दिवस मुलगी घरी आणि आमच्या दोघांच्या मीटिंगा. यात शाळेचं काही कर्तृत्व नाही, सगळं पंचांगाचं. त्यांच्याकडेही एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात, आपल्यासारखेच. 2024च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एक आला आणि सण पुढे सरकले. सिनेगॉगवाले सणाच्या दुसऱ्या दिवशीही कडकडीत बंद असतात हे खरं, पण त्यांचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर मे महिन्यातच हातात येतं आणि मग त्यात बदल होत नाही. जेसीसीचं आम्हाला दोनदा सुधारून आलं.

आता खरा मुद्दा: डिरेक्टर. पालकांना विचारायला गेलात तर शाळेबद्दल कमी आणि डिरेक्टरबद्दल जास्त ऐकाल, आणि एकाच बाईंबद्दल दोन लोक इतकं वेगळं बोलतील की एकाच शाळेबद्दल बोलतायत ना, अशी शंका यावी. मी त्यांना पहिल्या बाई आणि दुसऱ्या बाई म्हणतो.

पहिल्या बाई, जेसीसीच्या, सगळ्यांच्या लाडक्या. दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारायच्या. बोलणं रेज्जो एमिलिया या इटालियन बालशिक्षण पद्धतीच्या ढंगाचं: मुलाचं कुतूहल, मुलाच्या शंभर भाषा. ऐकताना मला ताराबाई मोडक आठवायच्या. बोर्डीच्या आणि कोसबाडच्या बालवाडीत झाडाची पानं आणि गारगोट्या घेऊन हेच चाललं होतं, तेही फुकटात. ते असो. बाई दिखाऊ नव्हत्या, हे मात्र सांगायलाच हवं. 7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलवर झालेल्या हल्ल्यानंतरच्या त्या आठवड्यात दाराशी पोलिसांची गाडी लागली. आईने व्हिडिओवर ती पाहिली आणि तिला नरिमन हाऊस आठवलं. त्या दिवसांत पहिल्या बाई रोज सकाळी गाडीपाशी येऊन मुलांना हाताला धरून आत नेत होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरचं कोणी तिकडे होतं, आणि त्यांचा चेहरा मुलांना एकदाही कळू दिला नाही त्यांनी. ते मी विसरणार नाही.

पण मग फोटोंचं सुरू झालं.

तिथे वर्गाच्या दारावर शिक्षिकांचे फोटो असत, कागदी सूर्यफुलाच्या पाकळ्यांवर चिकटवलेले. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मधल्या पाकळीवरचा फोटो नव्हता. गोंदाचे चार ठिपके तेवढे राहिले होते. आत एक नवीन मुलगी, हसतमुख, आमच्या लेकीचं नाव चुकीचं उच्चारत. जुन्या बाई कुठे, विचारलं. "ती आता आमच्याकडे नाही." संध्याकाळी पहिल्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्हाला सांगणारच होते." इतक्या मनापासून म्हणाल्या की मीच त्यांची समजूत काढून आलो.

फेब्रुवारीत दुसरा फोटो गेला. पुन्हा सोमवार, पुन्हा ठिपके, पुन्हा हात हातात. एप्रिलमध्ये त्या नवीन मुलीचाच गेला.

शिक्षिका सोडून जातात याचा दोष मी बाईंना देत नाही. बालवाडीच्या शिक्षिकेला इथे पगार तुटपुंजा. त्यातून 1998च्या कोर्टाच्या निकालानंतर न्यू जर्सीतल्या गरीब वस्त्यांच्या जिल्ह्यांत सरकारी खर्चाने बालवाड्या निघाल्या, पुढे इतरत्रही वाढल्या. तिथे पात्रताधारक शिक्षिकेला नेहमीच्या शाळेसारखा पगार आणि विमा मिळतो. कोण थांबेल? माझं म्हणणं एवढंच की शुक्रवारी एक ओळ लिहून कळवलं असतं तर शनिवार-रविवार आम्हाला मुलीशी बोलता आलं असतं. बाईंना वाईट बातमी देववत नसे. त्या ती सोमवारपर्यंत ढकलत, आणि सोमवारी ती आम्हाला दारावरून कळे.

मे महिन्यात लेक बाहुल्यांची शाळा भरवून बसली होती. पाच बाहुल्या ओळीत. खेळता खेळता तिने एक उचलली, कपाटात टाकली, दार लावलं आणि उरलेल्या चौघींना म्हणाली, "ती आता आमच्याकडे नाही." आवाज पहिल्या बाईंसारखाच गोड. हिने माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री आम्ही सिनेगॉगच्या शाळेचा अर्ज काढला. बाकी सगळी कारणं नंतर जोडलेली आहेत, हे मी कबूल करतो.

दुसऱ्या बाईंची कीर्ती आम्हाला आधीच माहीत होती: तुसड्या. ईमेलला एका ओळीचं उत्तर, उशीर झाला तर दंड, आणि हसणं पुरिमच्या, म्हणजे त्यांच्या सोंगं काढायच्या सणाच्या, दिवशी, तेही सोंगाचा भाग म्हणून. आमची मुलाखत बारा मिनिटांत आटोपली. त्यात त्यांनी न विचारता सांगितलं, "तुमच्या मुलीच्या वर्गातली एक मोरा जानेवारीत बाळंतपणाला जाणार आहे. तिच्या जागी येणारी डिसेंबरपासून वर्गात बसेल. हे चालणार नसेल तर आत्ता सांगा." मोरा म्हणजे हिब्रूत शिक्षिका, पिसाऱ्याचे विनोद आमच्या घरी होऊन गेलेत. हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आमचं ठरलं.

त्यांचा जाच आमच्याही वाट्याला आला. ऑक्टोबरात आई इथे होती. एकदा मी अडकलो म्हणून तिला पाठवलं. फोन करून कळवलंही होतं, पण यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या बाईंनी मुलगी दिली नाही. नात काचेच्या आत, आजी काचेच्या बाहेर, मी येईपर्यंत वीस मिनिटं. "नातीला घ्यायला पासपोर्ट लागतो?" हे वाक्य मी पुढचे दोन दिवस ऐकलं. मला स्वतःलाही बाईंचा राग आला होता. एक खुर्ची तरी द्यायची! पण 2017च्या सुरुवातीला देशभरातल्या जेसीसींना बॉम्बच्या खोट्या धमक्यांचे फोन येत होते आणि चिमुकल्यांच्या शाळा रिकाम्या कराव्या लागत होत्या, तेव्हाही या बाई याच क्षेत्रात होत्या. यादी म्हणजे यादी, हे तेव्हापासूनचं असावं. दुसऱ्या दिवशी आईचं नाव यादीत घातलं. पुढच्या आठवड्यात सुक्कोतचा मांडव बघायला तिला आत बोलावलं, तेव्हा तिथलं एत्रोग नावाचं फळ हातात घेऊन ती म्हणाली, "अरे, हे तर म्हाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं." दुसऱ्या बाईंनी ते मला दोनदा विचारून घेतलं आणि मुलांना सांगितलं. हसल्या मात्र नाहीत.

इतर पालकांचं मत वेगळं पडतं, आणि तेही ऐका. एक इस्रायली बाबा दोन्ही शाळांवर नाराज: हिब्रू चार गाण्यांपुरतं, आणि पालकांना वर्गात पाय टाकू देत नाहीत. आमची एक तेलुगू मैत्रीण दुसऱ्या बाईंचं नावही काढू देत नाही. एका ज्यू आईला त्यांनी दुसऱ्याच महिन्यात सांगितलं, की तुमचा मुलगा बोलायला मागे आहे, तपासून घ्या. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर शाळा-जिल्हा ते मोफत करतो. सांगण्याची पद्धत अशी की ती गाडीत बसून रडली. मुलाला काढून तिने जेसीसीत घातलं. पहिल्या बाई म्हणाल्या, प्रत्येक मूल आपल्या वेळेला फुलतं. ती आजही त्यांच्यावर खूश आहे. तपासणी शेवटी दीड वर्षाने झाली. मी यावर तिच्याशी काही बोललेलो नाही, तुम्हीही बोलू नका.

तर मूल लाजाळू नसेल, नवीन माणसाला बिचकत नसेल, आणि तुम्हाला सकाळी दारात दोन गोड शब्द हवे असतील, तर जेसीसी वाईट नाही. पोहण्याचा तलावही तिथेच, आणि लेक त्यासाठी अजून हळहळते. आमच्यानंतर तिथल्या शिक्षिका टिकल्याही असतील. जाल तेव्हा दौऱ्यावर भिंतीवरची चित्रं बघत बसू नका. दारावरचे फोटो बघा आणि आतल्या बायका त्याच आहेत का ते ताडून घ्या.

सिनेगॉगच्या शाळेतही दारावर फोटो आहेत, लाकडी चौकटीत, खिळ्याने ठोकलेले. उन्हाने पिवळे पडलेत. लेकीच्या मोठ्या मोराचे केस फोटोत काळेभोर आहेत. आता पांढरे.

धाकटा या उन्हाळ्यात अडीच वर्षांचा होईल. त्याचा अर्ज परवा भरला. मुलाला कोण घेऊन जाऊ शकतं, या रकान्यात पहिलं नाव आईचं घातलंय, पासपोर्टवरच्या स्पेलिंगसकट. तिने फोनवर अक्षर अक्षर तपासून घेतलं.